मान मातीबाहेर

अजनीच्या या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा
मागच्या नळाजवळ पाच कांदे होते, अर्धे उघडे.
कोणी लावले, कोणाला ठाऊक नव्हतं.
आमच्या आधी राव होते, ते बिलासपूरला गेले.
त्यांच्या आधी कोणी गार्ड.
त्याच्या आधीचं काही कोणी लिहून ठेवलं नाही.

मला बागेची हौस नाही, हे आधीच सांगते.
लोको शेडमध्ये तीन पाळ्या,
हाताला ग्रीसचा वास, साबणाला न जुमानणारा,
घरी आल्यावर जो रडेल त्याला आधी जेवण.
कांदे रडत नाहीत.

शेजारच्या नंदनवारबाई म्हणजे वेगळंच प्रकरण.
शेवंतीला काड्यांचा आधार,
डेलियाला भिजवलेली सरकीची ढेप,
रोज मोजून सहा बादल्या.
कुंपणावरून म्हणायच्या,
"काहून वो, पाणीबी नाही टाकत का तुमी?
मरून राहिले ना थे."
मी म्हणायची, मरू द्या.
आणि दिवाळीनंतर पानं पिवळी पडून लोळलीच,
जमिनीला चिकटली, भिजून वाळलेल्या पेपरसारखी.

त्याच थंडीत उपेंद्रनं, माझ्या भावानं,
श्रीनगरहून आठ ट्यूलिप आणले, मोज्यात गुंडाळून.
म्हणाला, सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेव, फळांपासून लांब.
ठेवले. घरात संत्री आणणं बंद केलं,
नागपुरात, जानेवारीत!
दोन फुलले, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी.
अकरा वाजता उघडले ते इतके उघडले
की संध्याकाळी मिटायचं विसरूनच गेले.
बाकीच्या सहांनी नुसती पानं दाखवली,
लग्नाला येऊन न जेवता गेलेल्या पाहुण्यांसारखी.

मार्चमध्ये कूलर खाली काढला.
नव्या वाळ्याच्या ताट्या, पंप सुरू आहे का पाहिलं,
आणि टाकीच्या भोकातून पाण्याची धार
भिंतीवरून उतरून त्या पाच जणांवर.
भोक बुजवायचं राहिलं. पाळी होती.

दहाव्या दिवशी, पान नाही, काही नाही,
मातीतून एक जाड हिरवा दांडा वर,
सरळ, आमच्या शेडमधल्या पहारीसारखा.
मग त्याच्या टोकाला
चार दिशांना चार लाल भोंगे,
इंजिनाच्या हॉर्नसारखेच, फक्त आवाज बंद.
मी डबा हातात धरून उभी राहिले.
त्या दिवशी सात मिनिटं उशीर लागला रजिस्टरला.

"काय टाकलं वो?" नंदनवारबाई.
काही नाही.
"सांगा ना, डीएपी टाकलं ना?"
त्या महिनाभर माझ्यावर रुसल्या होत्या.

आता कॉलनीतले विचारतात, म्हणून सांगते:
आपली काळी माती पाणी धरून बसते, सोडत नाही,
तिच्यात निम्मा मुरूम घाला.
कांदा पुरू नका, मान मातीबाहेर राहू द्या.
पावसाळाभर पानं वाढू द्या,
चार पानांमागे एक फूल आत तयार होतं, कोणाला न सांगता.
दिवाळीनंतर विसरून जा.
कूलर काढाल तेव्हा आठवेलच.

शर्वरी पाचवीत असताना तिच्या बाईंनी
डायरीत लाल शाईनं लिहिलं होतं, पालकांचं लक्ष नाही.
मी खाली सही केली. खोटं नव्हतं ते.
परवा तिचा फोन आला, इतक्या दुरून,
स्वतःच केलेल्या आमटीबद्दल वीस मिनिटं बोलली.
मी फक्त हं हं म्हणत होते
आणि नळाजवळचे मोजत होते. अकरा झालेत.

त्यातले तीन नंदनवारबाईंना दिले.
समजावून सांगितलं, मानेचं, मुरमाचं, विसरण्याचं.
त्यांनी मान डोलावली
आणि आज सकाळी बादली घेऊन आल्याच.
मी कुंपणाच्या अलीकडून पाहते आहे.
बोलायचं नाही, असं ठरवलंय.
सगळ्या बागकामात
हे एवढंच मला जड जातं.